रविवारची बोट आणि टोर्केलच्या जोडण्या

ज्या वर्षी माझ्या बहिणीच्या मुलीचं, हिल्लेवीचं, लग्न झालं आणि लग्नाचा तंबू वाऱ्यानं उचलून समुद्रात नेला, त्या वर्षीची ही गोष्ट. तंबूच्या दोऱ्या कोणी बांधल्या होत्या, हे कोणीही विचारलं नाही. पाहुणे धक्क्यावर उभे राहून तंबू खाडीतून पलीकडे जाताना बघत राहिले आणि नवऱ्याचे वडील म्हणाले, "वारा फारच होता." सगळ्यांनी माना डोलावल्या. वारा फारसा नव्हता. पण आमच्या टोंगशेर बेटावर दोष वाऱ्याला देतात, माणसाला देत नाहीत.

हिल्लेवीची वेबसाइट बनवायची छोटी कंपनी आहे. माझ्या जुन्या शेडमध्ये, जिथं आम्ही हेरिंग मासे खारवायचो, तिथं तिनं टेबलं मांडली आहेत. हवा दमट झाली की भिंती अजून वास सोडतात. ती स्वतः, टोर्केल आणि तूवा, अशी तीन माणसं. टोर्केल शहरातला, तिशीतला, ताडमाड उंच. दारातून शिरताना दर वेळी कपाळ आपटायचा आणि दर वेळी दाराची माफी मागायचा. तूवा बेटावरचीच, कमी बोलणारी. माझे गुडघे गेल्यापासून मी तिथं शेगडीत लाकडं सरकवायला जाऊन बसतो. कॉफी मिळते आणि माणसं दिसतात.

ऑगस्टात त्यांना एक काम मिळालं. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या वाहतूक कचेरीनं ठरवलं होतं की हिवाळ्यात रविवारची बोट रिकामी हाकायची नाही. ज्याला जायचं त्यानं आधी वेबसाइटवर नाव नोंदवावं. ऑक्टोबर संपेपर्यंत पुरेशी नावं दिसली तर बोट चालेल, नाहीतर थेट मे महिन्यात. ते नोंदणीचं पान हिल्लेवीनं करून द्यायचं होतं. नाव, तारीख आणि खाली एक बटण.

त्या बोटीवर सगळ्यांत जास्त जीव अडकला होता तो गुनवोरचा. तिचं घर शेडच्या वरच्या अंगाला आहे. तिचा नवरा एइनार आयुष्यभर त्याच बोटीचं इंजिन सांभाळत होता. आता त्याला काही आठवत नाही आणि तो पलीकडे वृद्धाश्रमात असतो. गुनवोर दर रविवारी जायची. तो तिला ओळखायचा नाही. पण ती दारात दिसली की विचारायचा, "बोट वेळेवर आली का?" ती म्हणायची, "आली." मग तो पोटभर जेवायचा. रविवारी ती नाही गेली, तर पुढं दोन-दोन दिवस तो तोंड उघडायचा नाही, नर्सनी कितीही विनवलं तरी. आपली होडी तिनं एइनारला तिकडं ठेवलं तेव्हाच विकून टाकली होती. आणि दुसऱ्याकडं काही मागायचं नाही, हा आमच्या बेटाचा आणखी एक नियम.

सप्टेंबरात मी टोर्केलला विचारलं, "पान किती झालं?"

"पान सोपं आहे, सिक्स्टनकाका. आधी एडिटर लावून घेतोय."

एडिटर म्हणजे ही मंडळी ज्यात लिहितात ती कॉम्प्युटरमधली वही. नुसती वही फुकट मिळते आणि पुरते. पण तिला वरून एक्स्टेन्शन लावता येतात. मी त्यांना जोडण्या म्हणतो. एक जोडणी चुकलेल्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ मारते. एक, अर्धा शब्द लिहिला की उरलेला आपणच पुढं करते. एक, फायलींच्या नावांपुढं चित्रं लावते. एक, रंग निवडायचा झाला तर रंगांचं चाकच समोर आणून ठेवते. टोर्केलकडं एक मांजरही होतं. ते खालच्या कोपऱ्यात बसायचं आणि त्यानं लिहिलेलं सेव्ह केलं की शेपूट हलवायचं. इतक्या जोडण्यांमुळं एडिटर मंद झाला होता, म्हणून किती मंद झाला ते मोजणारी एक जोडणी त्यानं लावली होती. ती लावल्यावर तो आणखी मंद झाला.

"आणि हे सगळं नाव, तारीख आणि बटणासाठी?" मी म्हणालो.

"एकदा नीट बसवलं ना काका, की मग काम पळतं."

नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच. पण सगळंच फुकट होतं असं मी म्हणणार नाही. एक दिवस गुनवोर वेलदोड्याचे पाव घेऊन आली. तिनं टोर्केलच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. पडद्यावर रंगीबेरंगी कंस होते.

"हे काय रे? जत्रा भरवलीस?"

"मावशी, हे कामाचं आहे. इथं कंस उघडला की तो कुठंतरी बंद करावा लागतो. कधीकधी शंभर ओळींनंतर. ही जोडणी उघडणाऱ्याला आणि त्याच्या बंद होणाऱ्याला एकच रंग देते. मध्ये कितीही गर्दी असली तरी कोण कुणाचा ते कळतं."

गुनवोर बराच वेळ बघत राहिली. "आणि एकाचा जोडीदार नसला तर?"

"मग तो लाल होतो."

"चांगलं आहे," ती म्हणाली. "हे काढू नकोस."

त्याच दिवशी टोर्केलनं तिला दुसरी एक जोडणी दाखवली. तो डावीकडं लिहायचा आणि उजवीकडं पान लगेच तयार दिसायचं. अक्षर बदललं की पान बदलायचं. निळं आकाश, पांढरी बोट, नाव, तारीख, बटण. सगळं चालत होतं.

"म्हणजे झालं की तुमचं पान!"

"तसं झालंच आहे, मावशी. तुमचं नाव घालून बघा."

गुनवोरनं एका बोटानं आपलं नाव लिहिलं, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतचे सगळे रविवार निवडले आणि बटण दाबलं. पानावर हिरवी खूण आली, मांजरानं शेपूट हलवलं. गुनवोर घरी जाताना गाणं गुणगुणत होती. तिनं दुकानात सांगितलं, दुकानानं बेटभर. मग म्हातारी माणसं एकेक करून शेडमध्ये यायला लागली. घरी कॉम्प्युटर असणारेही आले, कारण इथं पाव होते. सगळ्यांनी टोर्केलच्या खुर्चीवर बसून नावं नोंदवली. धक्क्याजवळचा लेनार्ट पलीकडं कधीच जात नाही. त्यानंही दोन रविवार घेतले, सोबत म्हणून.

फक्त ते पान टोर्केलच्या कॉम्प्युटरच्या बाहेर गेलेलं नव्हतं. ती जोडणी दाखवायची ते त्याचं त्यालाच. जगाला दिसण्यासाठी पान वर चढवावं लागतं, आणि चढवण्याआधी दुसऱ्यानं ते वाचून "ठीक आहे" म्हणावं लागतं. कचेरीला दिसणार ते वरचं पान. टोर्केलच्या मनात होतं की पान चढलं की ही नावंही मागोमाग चढवू. त्यात चूक काहीच नव्हती. घोडं पुढं अडलं.

आधी तूवानं एक जोडणी आणली. तीत प्रत्येक ओळीच्या शेवटी फिकट अक्षरांत दिसतं, ही ओळ कोणी लिहिली आणि कधी. कामाची गोष्ट आहे. काही बिघडलं तर कुणाला विचारायचं ते कळतं. पण आमच्याकडं कोण कुणाला विचारतो? दुसऱ्याच दिवशी तूवाचा चेहरा उतरला. एक वेडीवाकडी ओळ होती आणि तिच्या शेवटी तिचं नाव झळकत होतं.

"टोर्केल काही बोलला का?" हिल्लेवीनं विचारलं.

"नाही ना. तो त्या ओळीवरून झरझर खाली गेला. इतका झरझर, की त्यानं वाचलंय हे मला कळलं."

"मी तुला वाईट वाटू नये म्हणून गेलो!" टोर्केल म्हणाला.

"तेच तर!"

बैठक बसली. आमच्याकडं मालक हुकूम देत नाही; सगळे बसतात, कॉफी पितात आणि सगळ्यांना पटेल तेच होतं. ठरलं असं, की तिघांनीही एकच नाव लावायचं. ते नाव ठेवलं "आपण". दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ओळीच्या शेवटी दिसायला लागलं: आपण, काल. आपण, परवा. जोडणी चालू होती आणि कुणाचाच अपमान होत नव्हता.

खरा घोळ केला तो ओळी नीट लावणाऱ्या जोडण्यांनी. कोडमध्ये ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडतात, कुठली ओळ कुठल्या ओळीच्या पोटात आहे ते कळावं म्हणून. मी मोठेपणी अक्षरं शिकलो तेव्हा रात्रशाळेच्या बाई समास सोडायला सांगायच्या, तसंच काहीसं. किती जागा सोडायची यावर या धंद्यात माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत म्हणे. टोर्केलची जोडणी सेव्ह केलं की प्रत्येक ओळीला मोठी जागा द्यायची. तूवाची छोटी द्यायची. टोर्केलनं एक शब्द बदलून पान तूवाकडं पाठवलं, की तिला सगळ्या ओळी बदललेल्या दिसायच्या. पानभर लाल आणि हिरवं. त्यात खरा बदललेला शब्द कुठला ते कळायचं नाही. ती वाचू शकायची नाही, म्हणून "ठीक आहे" म्हणायची नाही. मग ती काहीतरी दुरुस्त करून सेव्ह करायची आणि सगळ्या ओळी परत आत सरकायच्या. दोन सुना आणि एकच मांडणी. एकीनं डबे उंचीनं लावायचे, दुसरीनं रंगानं.

आणि दोघंही एकमेकांना काही बोलेनात.

"तू सांग की तिला, तुझी जोडणी बंद कर म्हणून," मी टोर्केलला म्हणालो.

"असं कसं सांगणार, काका? तिची सवय आहे ती."

तूवाला म्हणालो, तर ती म्हणाली, "तो बाहेरून आलाय. त्याला परकं वाटायला नको."

हिल्लेवीला म्हणालो. "अगं, तू मालकीण ना? एक काहीतरी ठरव."

"मामा, मी ठरवलं तर ते माझं होईल. त्यांचं व्हायला हवं."

बैठका झाल्या. मोठ्या जागेचे फायदे, छोट्या जागेचे फायदे. टोर्केलनं तूवाची बाजू मांडली, तूवानं टोर्केलची. शेवटी सगळ्यांनी विचार करायचा, यावर एकमत झालं. खिडकीबाहेर बर्चच्या झाडांची पानं पिवळी पडली आणि गळली.

मग ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात काय झालं, तर दोघांनाही एकमेकांची दया आली. टोर्केलनं मनाशी म्हटलं, जाऊ दे, तिचं खरं. आणि गुपचूप आपली जोडणी तूवासारखी लावली, छोट्या जागेची. तूवानंही मनाशी म्हटलं, जाऊ दे, तो परका आहे; आणि गुपचूप आपली मोठ्या जागेची केली. कोणी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर उपकार दाखवल्यासारखं होतं. पान पुन्हा पहिल्यासारखंच लाल-हिरवं व्हायला लागलं, फक्त उलट्या बाजूनं. टोर्केलला वाटलं, तूवाला आपला समजूतदारपणा दिसत कसा नाही. तूवाला वाटलं, हा माणूस मुद्दाम करतोय. दोघांनीही पाव खाणं सोडलं. हे बेटावर भांडणाच्याही पलीकडचं मानतात.

शेवटच्या दिवशी दुपारी गुनवोर आली.

"हिल्लेवी, आज कचेरीत नावं बघणार आहेत. माझ्या बहिणीनं पलीकडून फोन केला. तिच्या कॉम्प्युटरवर ते पान दिसतच नाही म्हणे."

मांजर कोपऱ्यात झोपलं होतं.

"दिसत नाही म्हणजे?" गुनवोरनं टोर्केलकडं पाहिलं. "मी नाव घातलंय ना? हिरवी खूण आली होती."

"आली होती, मावशी."

"मग कुठं गेलं माझं नाव?"

"इथं आहे." टोर्केलनं आपल्या कॉम्प्युटरवर हात ठेवला. "सगळ्यांची इथंच आहेत."

गुनवोर त्या कॉम्प्युटरकडं बघत राहिली, बोट चुकल्यावर माणूस पाण्याकडं बघतं तशी.

तेव्हा हिल्लेवी उभी राहिली. लग्नाचा तंबू उडाला तेव्हाही तिचा आवाज चढला नव्हता. आता चढला. "दोघंही आपापली जोडणी बंद करा. आत्ता. आणि चढवा ते पान."

दोघंही तिच्याकडं असे बघायला लागले, जणू तिनं कुणाला थोबाडीत मारली होती. जोडण्या बंद करताना दोघांना एकमेकांचे पडदे दिसले आणि काय झालं होतं ते कळलं. तूवा आधी हसली, मग रडायला लागली. पान वाचून व्हायला कॉफीचा एक कप संपेल इतकाही वेळ लागला नाही. ते वर चढलं, मागोमाग नावं चढली, हिरवी खूण आली. तोवर पलीकडची कचेरी बंद झाली होती, शुक्रवार होता.

सोमवारी हिल्लेवीनं फोन लावला. मी शेजारीच होतो. पलीकडचा साहेब फार गोड बोलला. म्हणाला, पान फारच सुंदर झालंय, बोट तर अगदी खरी वाटते. पण शुक्रवारी नावं शून्य होती आणि बंद करायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आता ते मोडायचं तर पुन्हा सगळ्यांनी मिळून बसायला हवं, आणि सगळ्यांना जमेल असा दिवस फेब्रुवारीच्या आत दिसत नाही.

संध्याकाळी बैठक बसली. चूक नक्की कुठं झाली यावर बोलायचं होतं. ओळींच्या शेवटी पाहिलं, तर सगळीकडं "आपण" होतं. तूवा म्हणाली, कामाची पद्धत चुकली. हिल्लेवी म्हणाली, वेळ कमी पडला. एकमत होत आलं होतं, एवढ्यात दारात गुनवोर दिसली; पावाचं रिकामं ताट न्यायला आली होती.

"चूक कुणाची ते राहू द्या," ती म्हणाली. "मला काय करायचंय चुकीचं? मला रविवार हवा होता."

ताट घेऊन ती निघून गेली. टोर्केल उठला. दारातून जाताना कपाळ आपटलं, पण या वेळी त्यानं माफी मागितली नाही. थोड्या वेळानं मी घरी पोचलो, तर तो माझ्या दाराशी उभा.

"काका, तुमची नाव चालते का अजून?"

"ती चालते. मी चालत नाही."

"मला शिकवा."

"तुला पाण्याची भीती वाटते ना?"

"वाटते," तो म्हणाला.

माझी नाव लाकडी आहे, जुनं इंजिन, हातानं फिरवून चालू करायचं. पहिले काही रविवार मी पुढं बसून सांगायचो, मधे गुनवोर हॅट घालून, मागं टोर्केल, तोंड शेवाळाच्या रंगाचं. पण गडी खाडी ओलांडायचा. एइनार विचारायचा, "बोट वेळेवर आली का?" गुनवोर सांगायची, "आली." आणि तो जेवायचा.

मात्र जित्याची खोड. नाताळपर्यंत टोर्केलनं नावेला जोडण्या लावायला सुरुवात केली. इंजिन बटणानं चालू व्हावं म्हणून बॅटरी. पुढं मोठा दिवा. वाट दाखवणारा पडदा. समोरचा किनारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो तरी. मासे दाखवणारं यंत्र, मासे कोणी धरणार नव्हतं तरी. गुनवोरसाठी गरम होणारी गादी. कॉफीचा कप अडकवायची कडी, तीही फिरती.

"टोर्केल," गुनवोर म्हणाली, "ही नाव पलीकडं जाणार आहे की कुणाच्या लग्नाला?"

नाकापेक्षा मोती जड झाला होता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी गुनवोर डब्यात सेमला घेऊन आली. बदामाचं सारण आणि वर सायीचा डोंगर असलेला तो गोड पाव एइनारला फार आवडायचा. टोर्केलनं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. गादीनं आणि दिव्यानं मिळून रात्रभरात बॅटरी पिऊन टाकली होती. वारा वाढत होता आणि खाडीच्या कडेला बर्फाची साय धरू लागली होती.

"मॅन्युअल कुठं आहे?" टोर्केल म्हणाला.

"कशाचं?" मी म्हणालो.

त्यानं गुनवोरकडं पाहिलं. ती डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. मग त्यानं हातमोजे काढले. बॅटरी उचलून धक्क्यावर ठेवली. मागोमाग पडदा, दिवा, मासे दाखवणारं यंत्र, गादी. कडी निघेना, ती राहू दिली. मग वाकून इंजिनाचं चाक हातानं फिरवलं. एकदा, दोनदा, हात सोलवटेपर्यंत. इंजिन खोकलं आणि चालू झालं.

आम्ही पोचलो तेव्हा एइनार खिडकीशी बसला होता. जेवण झाकून ठेवलं होतं.

"बोट वेळेवर आली का?"

गुनवोरनं घड्याळाकडं पाहिलं नाही. "आली."

त्याचं लक्ष टोर्केलच्या रक्ताळलेल्या बोटांकडं गेलं. "हा कोण?"

"बोटीवरचा नवा माणूस," ती म्हणाली.

"इंजिन तू बघतोस?"

टोर्केल घुटमळला. "बघतो."

एइनारनं त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "चांगलं इंजिन आहे ते. उगाच फार हात लावत जाऊ नकोस त्याला." आणि त्यानं सेमल्याची साय नाकाला लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी टोर्केलनं एडिटरमधल्या जोडण्या काढल्या. मांजर गेलं, चित्रं गेली, मंदपणा मोजणारी गेली. तूवानं विचारलं, एकही ठेवली नाहीस का? कंसांना रंग देणारी ठेवली होती. बाकी त्याच आठवड्यात वाहतूक कचेरीचे सगळे मिळून बसले आणि पुढच्या हिवाळ्यासाठी वेबसाइट आणखी चांगली करावी यावर त्यांचं एकमत झालं. पान हिल्लेवीनंच करावं, असंही ठरलं.

मार्चच्या आठ तारखेला रविवार होता. आम्ही गेलो होतो, बोट वेळेवर होती, आणि तो जेवला. एइनार नऊ तारखेला, सोमवारी सकाळी वारला.